सरकारी पद आणि ख्रिस्ती विवेक : पार्श्वभूमी

ख्रिस्ती माणसाने राज्यकारभारात पद स्वीकारावे की नाही, ही शंका आधी राज्याला नव्हे, ख्रिस्ती मंडळीलाच (चर्चलाच) आली. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने नगराचे दंडाधिकारीपद घेणाऱ्या श्रद्धावंताने पदाच्या वर्षभर उपासनेपासून दूर राहावे, असा नियम केला. त्या पदाला मूर्तिपूजक विधी चिकटलेले होते. ३१४ मध्ये आर्ल येथील धर्मसभेचा सूर मात्र वेगळा होता. प्रांताधिकारी म्हणून जाणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीने आपल्या मंडळीचे पत्र बरोबर न्यावे आणि तेथील बिशपाने तिच्यावर लक्ष ठेवावे, एवढीच या सभेची अपेक्षा होती. दोन निर्णयांमध्ये फार तर पंधरा-वीस वर्षांचे अंतर असावे, पण मधल्या काळात रोमन सम्राटाचे ख्रिस्ती धर्माविषयीचे धोरणच बदलले होते.

धर्मसुधारणेच्या काळात हाच वाद पुन्हा उफाळला. न्यायाधीश, शिपाई किंवा फाशी देणारा यांची उणीव असेल आणि अंगी पात्रता असेल, तर ख्रिस्ती माणसाने ते काम शेजाऱ्याची सेवा म्हणून करावे, असे विटेनबर्गचा सुधारक मार्टिन लूथर याने १५२३ मध्ये लिहिले. चारच वर्षांनी श्लाइटहाइम येथील पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या (बालपणीचा बाप्तिस्मा न मानता प्रौढपणी तो पुन्हा घेणाऱ्यांच्या) जाहीरनाम्याने दंडाधिकारीपद ख्रिस्ती माणसाला उचित नाही, असे बजावले. युद्ध आणि शपथ दोन्ही नाकारणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी या दोन टोकांच्या मध्ये उभी राहिली. त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचा कारभार कित्येक दशके चालवला, परंतु १७५६ मध्ये सीमेवरील युद्ध समोर येताच त्यांच्यापैकी अनेकांनी विधिमंडळातील जागा सोडल्या. इंग्लंडमध्ये अडसर उलट बाजूने होता. १६७३ च्या कायद्यान्वये सरकारी पदासाठी प्रस्थापित चर्चचा (चर्च ऑफ इंग्लंडचा) प्रभुभोज, म्हणजे भाकरी व द्राक्षरसाचा विधी, घेणे बंधनकारक होते आणि ती अट १८२८ पर्यंत टिकली. १८३३ मध्ये एका क्वेकर सदस्याला शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञा करून संसदेत बसू देण्यात आले, हे या साऱ्या इतिहासातील सर्वांत कमी गाजावाजा झालेले आणि कदाचित सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हणावे लागेल.

विसाव्या शतकात चर्चा राजकारण्यांभोवती फिरत राहिली. १९६० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या कॅथलिक उमेदवाराने ह्यूस्टन येथे आपली धर्मनिष्ठा आणि पद यांच्यातील सीमा जाहीरपणे आखली. एप्रिल १९९० मध्ये बेल्जियमच्या राजाने गर्भपाताच्या कायद्यावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा मंत्रिमंडळाने तो तात्पुरता राज्यकारभारास असमर्थ असल्याचे ठरवून कायदा अमलात आणला आणि दोन-एक दिवसांत त्याचे अधिकार पूर्ववत झाले. राजाला अशी वाट काढून देता आली. कार्यालयातील कर्मचाऱ्याला ती मिळावी का, हा प्रश्न मात्र उरला.

तो ठळकपणे विचारला गेला लंडनमधील एका विवाह निबंधकाच्या प्रकरणात. ही ख्रिस्ती महिला २००२ मध्ये निबंधक झाली, तेव्हा समलिंगी जोडप्यांची नागरी भागीदारी (विवाहासारखे नोंदणीकृत कायदेशीर नाते) अस्तित्वात नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये तो कायदा लागू झाल्यावर तिच्या स्थानिक प्रशासनाने सर्वच निबंधकांवर ते काम सोपवले. कायद्याने तशी सक्ती केलेली नव्हती, आणि इतर काही प्रशासनांनी ज्यांचा आक्षेप होता त्यांना वगळले होते. आरंभी सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून तिने वेळ निभावून नेली. पुढे दोन समलिंगी सहकाऱ्यांनी तक्रार केली आणि शिस्तभंगाची कारवाई झाली. २००८ मध्ये कामगार न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला, परंतु अपिलात तो फिरला. अखेर जानेवारी २०१३ मध्ये स्ट्रासबर्ग येथील मानवाधिकार न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी तिची मागणी फेटाळली. समान सेवेचे धोरण राबवताना प्रशासनाला निर्णयाची व्यापक मोकळीक असते, हा बहुमताचा आधार होता. त्याच दिवशी, त्याच निकालपत्रात, गळ्यातील क्रूस दिसू देण्याचा विमान कंपनीतील कर्मचारी महिलेचा हक्क मात्र मान्य झाला.

टीकाकारांचा रोख निकालापेक्षा त्यातील मौनावर आहे, आणि तो सहज बाजूला सारता येणारा नाही. एकाही जोडप्याची नोंदणी अडलेली नसताना, आणि नोकरीत शिरल्यानंतर कामाचे स्वरूप बदललेले असताना, पाळ्यांची साधी फेरमांडणी का पुरेशी ठरू नये, याचे थेट उत्तर बहुमताने दिले नाही. मतभेद नोंदवणाऱ्या दोन न्यायाधीशांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नाही : सरकारी टेबलामागे बसलेली व्यक्ती नागरिकासाठी सरकारच असते.

त्यानंतरच्या घडामोडींत तत्त्वापेक्षा कार्यपद्धतीच अधिक बदलत गेली. २०१५ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील एका काउंटी लिपिकेला, समलिंगी विवाह कायदेशीर झाल्यावर विवाह परवाने न दिल्याबद्दल, काही दिवस कोठडीत राहावे लागले. पुढच्या वर्षी तेथील विधिमंडळाने परवान्याच्या नमुन्यावर लिपिकाचे नाव असण्याची गरजच काढून टाकली. नॉर्थ कॅरोलायनाने २०१५ मध्येच दंडाधिकाऱ्यांना विवाह लावण्याच्या कामातून माघार घेण्याची मुभा दिली, मात्र ती घेणाऱ्याला किमान सहा महिने कोणताही विवाह लावता येत नाही, म्हणजे कोणाचा विवाह लावायचा आणि कोणाचा नाही, अशी निवड करण्याची सोय ठेवली नाही. नेदरलँड्सने २०१४ च्या कायद्याने असा नकार देणाऱ्यांच्या नव्या नेमणुका थांबवल्या. दक्षिण आफ्रिकेने २००६ च्या कायद्यातच विवाह अधिकाऱ्यांना सदसद्विवेकाच्या आधारे सूट दिली होती. ती २०२० मध्ये रद्द झाली, कारण काही कार्यालयांत नोंदणी करून देणारा एकही अधिकारी उरत नसे आणि जोडप्यांना परत जावे लागे.