माँट्रियलची चाचणी, शांघायच्या आजी

स्मृतिभ्रंशाच्या तपासणीबद्दल एक समज चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकायला मिळतो. मेंदू सगळ्यांचा सारखाच, मग प्रश्नावली एखाद्या चांगल्या भाषांतरकाराकडून करून घेतली की काम झालं! प्रत्यक्षात खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि चिनी भाषिकांसाठी झालेल्या रूपांतरांत ते फार स्पष्ट दिसतं.

'मोका' ही चाचणी घ्या. माँट्रियलचे मेंदूविकारतज्ज्ञ झियाद नासरेद्दीन यांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. दहाएक मिनिटं लागतात, गुण ३०. मूळ निकषानुसार २६ किंवा जास्त गुण मिळाले तर काळजी नाही. त्यातला पहिलाच प्रश्न असा: कागदावर विखुरलेले आकडे आणि इंग्रजी अक्षरं आळीपाळीने रेषेने जोडायची. १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी. एक क्रम डोक्यात धरून दुसऱ्यावर उडी मारता येते का, हे इथे पाहायचं असतं. पण त्यासाठी दोन्ही क्रम तोंडपाठ हवेत, आणि चिनी लिपीत आपल्यासारखी वर्णमाला नसते. म्हणून चिनी आवृत्तीत 'ज्या, यी, बिंग, डिंग' हा जुना क्रम आला. करारातले पक्ष किंवा काविळीचे प्रकार सांगायला तिथे हीच चिन्हं वापरतात. शांघायच्या हुआशान रुग्णालयातल्या संशोधकांनी तर या प्रकारच्या वेगळ्या चाचणीत अक्षरं काढूनच टाकली आणि आकडे वर्तुळांत व चौकोनांत लिहिले. आता उडी मारायची ती एका आकारावरून दुसऱ्यावर.

मला सगळ्यात भावतो तो आकडे ऐकून परत म्हणण्याचा प्रश्न. ऐकलेले आकडे आपण मनातल्या मनात घोकत ठेवतो, कारण त्या आवाजाचा ठसा दोनेक सेकंदांत पुसट होऊ लागतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारून होतात, तेवढेच आपल्या लक्षात राहतात. म्हणजे स्मरणाची मर्यादा शब्दांच्या संख्येइतकीच त्यांच्या लांबीवरही ठरते! मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, शून्य ते नऊ हे सगळे आकडे एकाच अक्षराचे आणि झटकन उच्चारून होणारे. त्यामुळे चिनी भाषिकांना इंग्रजी भाषिकांपेक्षा सरासरीने जास्त आकडे लक्षात राहतात. वेल्श भाषेत ते म्हणायला जास्त वेळ लागतो, तिथे उलटा परिणाम दिसला. मग पाच आकडे परत म्हणण्याचा तोच प्रश्न भाषांतरात तसूभरही चूक न होता चिनीत सोपा होऊन बसतो, आणि सौम्य बिघाड त्यातून निसटू शकतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञ प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे तपासतात: एकूण क्षमता सारखीच असलेल्या दोन गटांत बरोबर उत्तराची शक्यता सारखी येते का? येत नसेल तर तो प्रश्न आजाराबरोबर भाषाही मोजतोय.

फोनवर फिरणाऱ्या 'दहा प्रश्नांत अल्झायमर ओळखा' छापाच्या चाचण्यांची अशी तपासणी कोणी केलेली असते? त्यांच्या गुणांवरून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घाबरवणं हा निव्वळ अन्याय आहे.

शाळेचा प्रश्न याहून मोठा. १९७५ च्या 'मिनी मेंटल' चाचणीत, तीही ३० गुणांचीच, २३ किंवा कमी गुण म्हणजे शंका, असा अमेरिकेतला प्रघात होता. शांघायमध्ये १९८० च्या दशकात पंचावन्न वर्षांवरच्या ५,०५५ लोकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांना तोच आकडा लावला असता तर कितीतरी ठणठणीत आज्या रुग्ण ठरल्या असत्या. संशोधकांनी तीन वेगळ्या रेषा आखल्या: निरक्षरांसाठी १७, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी २० आणि त्यापुढे शिकलेल्यांसाठी २४. पुढे १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी हिंदी आवृत्ती तयार करताना लिहिण्यावाचण्यावर अवलंबून असलेले प्रश्नच बदलावे लागले.