ओहोटी बघून निघा, खाडीचा चिखल बघायला

मानखुर्द सुटलं, लोकल खाडीपुलावर आली आणि नेमकी ओहोटी असली की डब्यात तो वास शिरतो आणि निम्मी माणसं नाकाला रुमाल लावतात. ‘किती घाण झालीय खाडी’ हे तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतंच. सांडपाण्याचा त्यात वाटा आहे, मोठा आहे, पण त्या वासातला थोडा भाग खाडीचा स्वतःचा आहे आणि एकदम स्वच्छ खाडीलाही तो असतोच.

कारण असं की खाडीचा गाळ फार बारीक, त्यातून हवा खाली उतरतच नाही. वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाली ऑक्सिजन जवळपास नाहीच. तरी तिथे बॅक्टेरिया मजेत राहतात, ते ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि पडलेली पानं, मेलेले जीव कुजवत बसतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो आपल्या नाकात जातो, आणि तोच गाळातल्या लोखंडाबरोबर मिळून खालचा चिखल काळाकुट्ट करतो. हे कुजणं इतकं सावकाश चालतं की झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन शेकडो वर्षं त्या गाळातच पडून राहतो. खारफुटीचं जंगल जमिनीवरच्या जंगलापेक्षा एकरी कितीतरी जास्त कार्बन धरून ठेवतं म्हणतात ना, तो बराचसा झाडात नसतो, झाडाखालच्या चिखलात असतो.

मला हा चिखल फार आवडतो, आणि ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी नीट, वेळ काढून बघावा असं मनापासून वाटतं. साधारण २६ किलोमीटर लांबीची ही खाडी आपल्या घराच्या इतकी जवळ आहे आणि आपण ती फक्त पुलावरून ओलांडतो.

बघायला जायचं तर आधी पाण्याची वेळ कळायला हवी. मोबाइलवर भरती-ओहोटीचं टाइमटेबल मिळतंच, पण आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे तो त्याहून सोपा: त्या दिवशीची तिथी घ्यायची, पाऊणने गुणायची, जो आकडा येईल साधारण त्या वाजता भरती. म्हणजे अष्टमीला सहा वाजता, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पंचमीला पावणेचार. हे जमतं कारण चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. खाडीत आत, ठाण्याकडे, पाणी जरा उशिरा पोचतं एवढं धरायचं. भरतीत साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप लांबपर्यंत मागे जातं. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला, त्याच्या निम्माही नसतो. म्हणून पौर्णिमेला किंवा अमावस्येला दुपारी चार-साडेचारला वाशीच्या सागर विहारला, दिवाळ्याच्या जेट्टीवर, करावेला नाहीतर ठाण्यात कोपरीच्या मीठबंदरावर जाऊन उभं राहा आणि पाणी उतरताना बघा. चिखलात स्वतः उतरू नका, पाय मांडीपर्यंत जातो आणि एकट्याला निघता येत नाही.

पाणी मागे सरलं की पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग चिखल हलायला लागतो.

सगळ्यात आधी दिसतो निवट्या. बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्याच्या वर, आणि मासा असून तो पाण्याबाहेर चालतो. पुढचे दोन पर चिखलावर टेकवायचे, त्यावर अंग पुढे ढकलायचं, परत टेकवायचे. कल्ल्याच्या पोकळीत तो पाणी भरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही ऑक्सिजन घेतो, म्हणून कातडी सुकली की संपलं, त्यासाठी तो मधेच एका कुशीवर लोळतो आणि अंगाला ओला चिखल माखून परत उठतो. डोळ्यांचंही तसंच, दर थोड्या वेळाने डोळा खाली खोबणीत जातो, भिजतो, वर येतो. एकाच निवट्याकडे दहा मिनिटं बघत राहिलात तर हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीण असेल तर फारच छान. त्यातली मोठी जात, आपल्याकडे बाजारात येते ती, चिखलावर तोंड टेकवून डोकं डावीकडे उजवीकडे फिरवत चालते. तेव्हा ती चरत असते. ओल्या चिखलावर उन्हात जो सोनेरी-तपकिरी थर चमकतो तो डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाचा असतो, आणि ही अख्खी खाडी त्या थरावर जगते म्हटलं तरी चालेल. नर मधेच शेपटी आपटून हवेत उडी घेतो, ती मादीला दिसावी म्हणून. वाट्टेल तितक्या वेळा बघा, कंटाळा येत नाही.

त्याच्या आजूबाजूला फिडलर खेकडे. नराचा एक डेंगा एवढा मोठा की बाकीचं अंग त्यामागे झाकतं, तो वरखाली हलवत बिळाच्या तोंडाशी उभा असतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला लांब ठेवायला. त्या डेंग्याने खाता येत नाही, म्हणून नर एकाच छोट्या डेंग्याने खातो आणि मादी दोन्हींनी. चिमूटभर चिखल तोंडात घालायचा, त्यातलं शेवाळ आणि बॅक्टेरिया गाळून घ्यायचे, उरलेल्याची गोळी करून खाली टाकायची. बिळांभोवती बारीक गोळ्यांचा सडा पडलेला असतो तो याचाच. आणि ही बिळं फार कामाची आहेत, ज्या चिखलात हवा शिरत नाही त्यात भरतीचं पाणी आणि ऑक्सिजन खोलवर याच वाटेने जातो, खारफुटीच्या मुळांना त्याचा फायदा होतो.

खारफुटीने स्वतःचीही सोय केलीय. आपल्या खाडीत सगळ्यात जास्त तिवर आहे, त्याची मुळं चिखलातून उभी वर येतात, त्यावर बारीक छिद्रं असतात आणि ओहोटीच्या वेळी त्यातून हवा आत जाते. तिवराचं पान उन्हाळ्यात उलटं करून बोट फिरवा, मीठ हाताला लागतं, जास्तीचं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. आता विचार करा, वाशीच्या पुलावरून कुणी निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी टाकली, ती भरतीने वाहत येऊन नेमकी या मुळांवर बसली आणि ओहोटीला तिथेच अडकली. मुळांचा श्वास बंद. एक पिशवी झाड मारत नाही पण थरावर थर साचले की मारतात, आणि ऐरोली-वाशीच्या किनाऱ्याला असे थर कुणीही बघू शकतं. निर्माल्य द्यायचंच तर कलशात द्या, पिशवी घरी परत न्या.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, सगळ्यांना माहीत आहेत. पावसाळा संपला की साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, मेअखेरीपर्यंत बरेचसे जातात. आपल्याकडे छोटा रोहित जास्त, गडद लाल चोचीचा, तो चोच उलटी करून वरवरचं शेवाळ आणि डायटम गाळून खातो, जीभ पंपासारखी चालवून. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं, तो पायांनी चिखल ढवळून किडे, कोळंबीसारखे बारीक जीव काढतो. गुलाबी रंग दोघांचाही खाण्यातूनच येतो, पिल्लं राखाडी असतात. या पक्ष्यांमुळे २०१५ मध्ये खाडीचा जवळपास १७ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, आजूबाजूचं संवेदनशील क्षेत्र धरून ६,५२१ हेक्टर. आनंदाची गोष्ट आहे. पण फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी स्वच्छ झाली असा अर्थ काढू नका. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, आणि छोट्या रोहितला तेच हवं असतं. त्याच पाण्यात ऑक्सिजन कमी पडून मासा मात्र टिकत नाही. चेंदणी, दिवाळे, सारसोळे, कुठल्याही कोळीवाड्यात जुन्या माणसाला विचारा, पूर्वी खाडीत काय मिळायचं आणि आता जाळ्यात काय येतं. पक्ष्यांच्या मोजणीइतकंच त्यांचं सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका कचऱ्यापेक्षाही वेगळा आहे, तो म्हणजे पाण्याची वाट अडवणं. वर सांगितलेलं सगळं, निवट्या, खेकडे, डायटम, तिवर, दिवसातून दोनदा पाणी येणार आणि दोनदा जाणार या एकाच गोष्टीवर उभं आहे. झाड तोडलं तर दिसतं, लोक ओरडतात, कायदाही आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटी तोडण्यावर पूर्ण बंदीचा निकाल दिला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला. पण एखाद्या नाल्याचं तोंड भरावाने बुजवलं, रस्त्याखालचा पाइप मातीने बंद झाला, तर कुणाला कळतही नाही, आणि काही महिन्यांत आतलं तळं आटतं किंवा कुजतं. नेरूळच्या डीपीएस तलावाचं २०२४ मध्ये हेच झालं, भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद, तळं सुकत गेलं आणि पक्षी भरकटले. तिथल्या लोकांनी विषय सोडला नाही, पाणी परत सुरू झालं, रोहित परत आले, आणि २०२५ मध्ये ते तळं संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने जपलेली जागा, करायला राज्याची मान्यता मिळाली. पाणी आलं की चिखल जिवंत होतो, पक्षी आपोआप येतात.

खाण्याबद्दलही थोडं. मी मासे खाते आणि कुणी खाऊ नका असं सांगणार नाही. फक्त पोटाखाली अंडी धरलेली खेकड्याची मादी घेऊ नका. पोटावरची झाकणी अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी, कोळणीला विचारलंत तर ती लगेच उलटा करून दाखवेल. आणि बोटाएवढे पापलेट स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिलीय, त्यात पापलेटही आहे, त्याहून लहान पकडायलाच बंदी.

मुलांना घेऊन जायचं तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र चांगलं आहे, फ्लेमिंगो बघायची बोटही तिथून सुटते, ती भरतीच्या वेळी असते हे लक्षात ठेवा कारण ओहोटीला बोटीला पाणीच नसतं. जे दिसेल त्याचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाका, नाव माहीत नसलं तरी चालतं, जाणकार ओळखून देतात आणि तारीख-ठिकाणासकट नोंद राहते. आणि घराजवळ खाडीला मिळणारा एखादा नाला असेल तर पुढच्या पौर्णिमेला भरतीच्या वेळी त्याचा फोटो काढा, मग अमावस्येला त्याच जागेवरून, त्याच वेळी परत काढा. दोन्ही दिवशी उधाण असल्यामुळे पाणी साधारण तेवढंच वर यायला पाहिजे. वाट मोकळी असताना यायचं तिथपर्यंत दोन-तीन उधाणं येत नसेल, तर कुठेतरी वाट बुजलीय असं समजा आणि तारीख, वेळ, लोकेशन घालून दोन्ही फोटो वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि महापालिकेकडे लेखी द्या.