व्हिग आणि टोरी: आधी शिव्या, मग पार्ट्या

ब्रिटनच्या कंझर्व्हेटिव्हांना आजही टोरी म्हणतात, पण ती मुळात शिवी. आयर्लंडमधल्या कॅथलिक लुटारूंना टोरी म्हणायचे आणि स्कॉटलंडमधल्या बंडखोर प्रेस्बिटेरियनांना (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) व्हिग. १६७९ ते ८१ च्या भांडणात इंग्लंडमधल्या दोन गटांनी ही नावं एकमेकांना मारली ती चिकटलीच.

भांडण गादीचं. दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नाही म्हणजे गादी भावाकडे, जेम्सकडे, आणि देश प्रोटेस्टंट, जेम्स कॅथलिक. त्यात १६७८ ला टायटस ओट्स नावाच्या थापाड्याने राजाचा खून कॅथलिक करणारेत अशी पुडी सोडली, लोकांना ती खरी वाटली आणि निरपराध माणसं फासावर गेली. जेम्सला गादी नको म्हणून बिल आणणारे ते व्हिग, आणि वारस देव ठरवतो, पार्लमेंट कोण लागून गेलं, म्हणणारे ते टोरी. चार्ल्सने एकामागून एक पार्लमेंटं बरखास्त केली, १६८१ चं ऑक्सफर्डचं तर आठवड्याभरात.

जेम्स १६८५ ला राजा झाला, १६८८ ला पळाला, तेव्हा खरं तर विषय संपायचा. पण १६९४ च्या कायद्याने तीन वर्षांच्या आत निवडणूक सक्तीची केली आणि १६९५ ते १७१५ मधे चक्क दहा निवडणुका झाल्या, म्हणजे एकीचा राग शमायच्या आत दुसरी. १६९५ ला छापखान्यांवरचं लायसन्सिंगही गेलं, मग पत्रकांचा पाऊस, लंडनमधे कॉफीहाऊससुद्धा व्हिगांचं वेगळं न टोरींचं वेगळं. (याची झळ आपल्याकडेही लागली: १६९८ ला व्हिगांच्या पाठबळाने दुसरी ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि दोन्ही कंपन्यांचे लोक सुरतेत एकमेकांच्या जिवावर उठले.)

कळस झाला १७१० ला. सशेव्हरेल नावाच्या पाद्रीने १७०९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधे व्हिगांना झोडपणारं प्रवचन दिलं, व्हिग सरकारने त्याच्यावर खटला भरला आणि लंडनच्या जमावाने सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांची प्रार्थनाघरं फोडली. पाद्र्याला शिक्षा काय, तर तीन वर्षं प्रवचनबंदी! त्याच वर्षी टोरी दणक्यात निवडून आले, १७१२ ला त्यांनी व्हिग नेता वॉलपोलला टॉवरमधे, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं. १७१४ ला ॲन राणी गेली, जॉर्ज आला, आता पाळी टोरींची: त्यांचे नेते, हार्ली टॉवरमधे, बोलिंगब्रोक फ्रान्सला पसार. आणि १७१६ ला, तीन वर्षांसाठी निवडून आलेल्या व्हिगांच्याच पार्लमेंटने स्वतःची मुदत सात वर्षं करून घेतली.