गाडीची चावी हरवली? बिल कशाचं येतं ते आधी वाचा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चावी हरवलीये, नवीन किती पडेल?" आणि आमचं उत्तरही ठरलेलं, गाडी कुठली, कुठल्या सालची, आणि दुसरी चावी आहे का. यावर बरेच जण वैतागतात, त्यांना वाटतं हा माणूस टाळतोय, एक आकडा सांगायला काय जातं ह्याचं. पण या तीन गोष्टी कळल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस एकतर अंदाजपंचे बोलतो नाहीतर काम सुरू झाल्यावर वाढवतो. म्हणून हे पत्रक काढलं. यात रेट छापलेले नाहीत, बिलात काय काय असतं आणि ते कशामुळे फुगतं एवढंच आहे, मग काम आमच्याकडे करा की दुसरीकडे, काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं.

एक चावी आहे की एकही नाही

बिलावर सगळ्यात जास्त फरक याचाच पडतो, गाडी महाग की स्वस्त हे त्याच्या नंतर. एक चालू चावी हातात असेल तर तिच्यावरून कट, म्हणजे चावीच्या पात्यावरच्या दात्यांचा किंवा खाचांचा नमुना, मिळतो, गाडी उघडता येते, इग्निशन ऑन करता येतं आणि बऱ्याच गाड्यांमध्ये नवीन चावी त्यात जोडणं म्हणजे थोडक्यात आटपणारं काम असतं. एकही चावी नसेल तर मात्र सगळं शून्यापासून. आधी गाडी काही न फोडता उघडायची, मग दाराच्या लॉकमधून कट वाचायचा किंवा की कोडवरून, म्हणजे त्या कटच्या नंबरावरून, काढायचा, पातं कापून स्टेअरिंग मोकळं करायचं, आणि मग गाडीच्या कॉम्प्युटरला पटवायचं की आम्ही चोर नाही. आमच्या भाषेत याला ऑल कीज लॉस्ट म्हणतात. त्यात गाडी हलत नाही म्हणून एकतर आम्ही मशीन घेऊन तिथे यायचं नाहीतर टोइंग करून ती आणायची, तो खर्च वेगळाच.

काही गाड्यांमध्ये तर हे काम ओबीडी पोर्टमधून, म्हणजे स्टेअरिंगखालच्या त्या १६ पिनच्या सॉकेटमधून होतच नाही. इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा, बॉक्स किंवा मीटर काढून, उघडून, आतल्या मेमरी चिपमधला डेटा थेट वाचावा लागतो. काही ठिकाणी ती चिप सोल्डरिंगने काढून परत बसवावी लागते. हे काम हात बसलेल्या माणसाचं आहे, चूक झाली तर चावी राहिली बाजूला, मीटरच जातं, त्यामुळे इथे मजुरी जास्त लागते आणि ती लागायलाच पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे.

म्हणून एकच चावी उरली असेल तर आजच दुसरी करून घ्या. धंद्याच्या हिशोबाने हे आम्ही सांगू नये खरं तर, शेवटची चावी हरवल्यावर आलात तर बिल आमचंच मोठं होतं.

नुसतं पातं कापलं की झालं असं का नाही

जुन्या गाडीच्या चावीत फक्त पातं होतं, ते कापलं की संपलं. आता चावीच्या प्लास्टिकमध्ये ट्रान्सपाँडर चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, इग्निशनच्या भोवती तारेची कॉइल असते, चावी फिरवली की त्या कॉइलमधून चिपला वीज मिळते आणि चिप आपली ओळख सांगते, बहुतेक गाड्यांत हे १२५ किंवा १३४ किलोहर्ट्झच्या आसपास चालतं. ओळख पटली तर इंजिन चालतं, नाही पटली तर काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही आणि काहींत इंजिन पेटून एक-दोन सेकंदात बंद पडतं. मीटरवर चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चिन्ह भराभर लुकलुकायला लागलं की समजायचं ओळख पटलेली नाही. गिऱ्हाईक अशा वेळी पंप बघ, बॅटरी बदल असं करत बसतो आणि शेवटी आमच्याकडे येतो.

युरोपात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नवीन कारला इमोबिलायझर सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ च्या सप्टेंबरपासून. कशाला एवढं, असं वाटत असेल तर अमेरिकेत बघा, तिथे विकलेल्या किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो दिलाच नव्हता आणि २०२१-२२ च्या सुमारास यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या चालू करून पळवायचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. तेव्हा चिपचा खर्च टोचतो हे मान्य, पण तीच तुमची गाडी जागेवर ठेवते.

इथे एक सावधगिरी सांगतो. चावीचं कव्हर तुटलं म्हणून लोक नवीन कव्हर मागवतात आणि घरीच बदलतात, बटणाचं सर्किट इकडचं तिकडे टाकतात, गाडी लॉक-अनलॉक होते म्हणून खूश, आणि गाडी चालू होत नाही. कारण बऱ्याच चाव्यांमध्ये चिप सर्किटवर नसते, कव्हरच्या एका कोपऱ्यात वेगळी खोचलेली असते, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा. जुनं कव्हर कचऱ्यात गेलं की चिप पण गेली. जुनं कव्हर फेकायच्या आधी उजेडात धरून आत बघा, हलवून बघा, आणि नवीन चावीने गाडी चालू होईपर्यंत ते जपून ठेवा.

तर बिलात काय काय येतं

पातं साधं दातेवालं असेल तर कापायला सोपं, साध्या मशीनवर होतं. ज्याच्या मधून नागमोडी खाच गेलेली असते ते लेझर कट, त्याला वेगळं मशीन लागतं (नाव लेझर असलं तरी कापायला मिलिंगचा कटरच असतो, असो). मग चिप. मग रिमोट असेल तर त्याचं सर्किट. आणि मग प्रोग्रामिंग, म्हणजे गाडीला नवीन चावीची ओळख करून देणं. हे शेवटचं डोळ्यांना दिसत नाही त्यामुळे लोकांना खटकतं, "पाच मिनिटं लॅपटॉप लावला आणि एवढे पैसे?" पण त्या पाच मिनिटांमागे मशीन असतं, त्याचं सॉफ्टवेअर दर वर्षी पैसे भरून अपडेट करावं लागतं, काही कंपन्यांचा पिन कोड किंवा सर्व्हर अ‍ॅक्सेस प्रत्येक गाडीमागे विकत घ्यावा लागतो, आणि नवीन गाड्यांमध्ये सिक्युरिटी गेटवे आलाय, उदाहरणार्थ फियाट-क्रायस्लर ग्रुपच्या २०१८ च्या पुढच्या बऱ्याच गाड्या, तिथे परवानगी नसलेलं मशीन नुसतं वाचू शकतं, आत काही लिहू शकत नाही.

खर्च कमी करायचा असेल तर एक रस्ता आहे जो लोकांना माहीत नसतो. स्पेअर म्हणून रिमोटवालीच चावी पाहिजे असं नाही. नुसती चिप आणि पातं असलेली चावी बऱ्याच गाड्यांना चालते, दार हाताने उघडायचं आणि गाडी चालू करायची. कपाटात पडून राहणाऱ्या चावीला बटणं कशाला? पुश बटणवाल्या गाडीला मात्र हे जमत नाही, तिला स्मार्ट कीच लागते आणि ती महाग पडते. कारण त्या एका डबीत गाडीचा सिग्नल ऐकणारा अँटेना, उत्तर देणारा रेडिओ, चिप, बटणं आणि पोटात लपलेलं इमर्जन्सी पातं असं सगळं कोंबलेलं असतं.

काही जुन्या गाड्यांमध्ये मालक स्वतःच जास्तीची चावी जोडू शकतो. फोर्डच्या बऱ्याच जुन्या मॉडेल्सना दोन चालू चाव्या दाखवल्या की तिसरी जोडता येते, तुमच्या मॅन्युअलमध्ये हे पान असेल तर आधी ते करून बघा, आम्हाला राग येणार नाही. पण अट बघा, दोन चालू चाव्या. एकच उरली की तो रस्ता बंद.

हरवली का चोरीला गेली

हे आम्ही मुद्दाम विचारतो, चौकशी म्हणून नाही. नवीन चावी करायचे दोन प्रकार आहेत. एकात गाडीच्या मेमरीत नवीन चावीची नोंद होते. दुसरा क्लोनिंग, यात जुन्या चिपची नक्कल करतात आणि गाडीला वाटतं ही तीच चावी. क्लोन स्वस्त आणि झटपट होतो, हातात असलेल्या चावीची नुसती स्पेअर पाहिजे तर त्यात काही वाईट नाही. पण पर्ससकट चावी चोरीला गेली असेल आणि पर्समध्ये घराचा पत्ताही असेल तर क्लोन करून उपयोग नाही, कारण चोराकडची चावी जशीच्या तशी चालू राहते. तिथे मेमरीतून जुनी चावी पुसली पाहिजे.

आणि पुसल्यावर सुद्धा एक गोष्ट राहते. पुसलेल्या चावीने इंजिन चालू होत नाही, पण तिचं पातं तेच असतं, दार उघडतं. आत लॅपटॉप ठेवायची सवय असेल तर लॉकचे आतले लिव्हर बदलून घ्यायचा खर्च विचारून घ्या. नुसती कुठेतरी पडली असेल, बसमध्ये, समुद्रात, तर आमच्या मते त्याची गरज नाही.

प्रोग्रामिंगला येताना घरातल्या सगळ्या चाव्या आणा, बायकोच्या पर्समधली, भावाकडची, सगळ्या. फोक्सवॅगन ग्रुपसारख्या काही गाड्यांमध्ये सगळ्या चाव्या एकाच बैठकीत दाखवाव्या लागतात, जी दाखवली नाही ती बाद होते. मग घरी गेल्यावर "चांगली चालणारी चावी तुम्ही बिघडवली" असा फोन येतो.

ऑनलाइन मागवलेली चावी

आणा, आम्ही बसवून देतो, फक्त प्रोग्रामिंगचे पैसे घेतो आणि चावीची जबाबदारी घेत नाही. दिसायला सेम असते हो, तीन बटणं, तोच लोगो, पण रिमोटची फ्रिक्वेन्सी ३१५ मेगाहर्ट्झ आणि गाडी ४३३ वाली निघाली की बटणं मेली. कधी फ्रिक्वेन्सी बरोबर आणि चिप वेगळ्या प्रकारची. मागवायच्या आधी जुन्या चावीच्या सर्किटवर किंवा मागच्या बाजूला छापलेला पार्ट नंबर जुळवा, नुसता फोटो जुळवू नका.

वापरलेली चावी, म्हणजे दुसऱ्या गाडीची, त्याबद्दल जरा जास्तच सावध रहा. बऱ्याच चिपा एकदा एका गाडीला जोडल्या की लॉक होतात, दुसरीला जोडता येत नाहीत. काही स्मार्ट की मशीनने परत कोऱ्या करता येतात, पण ते करून देणारा माणूस त्याचे पैसे घेणारच, मग वाचलेलं सगळं तिथे जातं.

आधी हे करून बघा, मग फोन करा

चावी हरवलेली नाही पण गाडी ऐकत नाहीये अशी केस असेल तर आधी चावीतला बटण सेल बदला. बहुतेक चाव्यांमध्ये सीआर २०३२ असतो, काहींमध्ये २०२५ किंवा १६२०, आकडा सेलवरच लिहिलेला असतो, आणि हा ३ व्होल्टचा सेल कुठेही मिळतो. पुश बटणवाली गाडी सेल संपला तरी चालू होते, चावी स्टार्ट बटणाला चिकटवून धरायची किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवायची, आतली चिप तेव्हाही ओळख देते. साध्या चावीचा सेल गेला तर फक्त बटणं जातात, गाडी चालू व्हायला काही अडचण नाही. तेवढ्यासाठी नवीन चावी करायला निघालेले लोक आम्ही परत पाठवलेत.

गाडीची मोठी बॅटरी मात्र आमच्या कामाच्या आड येते. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर काम अर्धवट सुटू शकतं आणि कंट्रोल युनिट अडकून बसतं, त्यामुळे बॅटरी उतरलेली असेल तर आम्ही आधी चार्जर लावतो आणि मगच हात घालतो. महिनाभर गाडी उभी असेल तर फोनवरच सांगा.

फोन करताना सतरा अक्षरांचा चेसिस नंबर जवळ ठेवा, कागदांवर असतो, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातही बऱ्याचदा दिसतो. गाडी नवीन घेतली तेव्हा चावीच्या जुडग्याला छोटी पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी होती का आठवा, त्यावर की कोड असतो, तो मिळाला तर लॉक उघडून कट वाचायचं काम वाचतं आणि तेवढे पैसे कमी होतात. ती पट्टी चावीलाच लटकवून फिरू नका, चावीबरोबर तीही जाते. फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

मालकीचे कागद आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय आम्ही चावी करत नाही. ओळखीच्या माणसालाही नाही. दहावेळा आलेलं गिऱ्हाईक पण चिडतं यावर, चिडू दे. ज्या दिवशी तुमच्या गाडीची चावी कोणी दुसरा मागायला येईल त्या दिवशी आम्ही असेच अडून बसलो पाहिजे ना.

इन्शुरन्सचे कागद एकदा बघून घ्या. काही पॉलिसींमध्ये चावी हरवण्याचा विमा वेगळा घेतलेला असतो आणि आपण हप्ता भरूनही विसरलेलो असतो. क्लेम करायचा असेल तर आधी कंपनीला कळवा, बऱ्याच कंपन्यांना पोलिसातली नोंद आणि बिल दोन्ही लागतं, आणि काही कंपन्या आधी सांगितलं नाही तर पैसे देत नाहीत. बिलात चावी, कटिंग, प्रोग्रामिंग वेगवेगळं लिहून पाहिजे असेल तर काम चालू करायच्या आधी सांगा.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी आमच्यासमोर प्रत्येक चावीने दार हाताने उघडून बघा, डिकी बघा, बटणं दाबून बघा, गाडी चालू करून निदान मिनिटभर चालू ठेवा, बंद करून परत चालू करा. आणि आता गाडीच्या मेमरीत एकूण किती चाव्यांची नोंद आहे ते विचारा, बऱ्याच गाड्यांमध्ये मशीनवर तो आकडा दिसतो. तुमच्या हातात दोन आहेत आणि मशीन तीन दाखवतंय, तर ती तिसरी तिथेच पुसून घ्या.