पाच मार्क पडले की मेल नापास

मैत्रिणीने पीएचडीसाठी बाहेर अर्ज केला होता. इंटरव्ह्यूची तारीख कळवणारा मेल तिच्या कॉलेजच्या आयडीवर आला तो थेट स्पॅममध्ये, आणि तिने पाहिला तेव्हा तारीख उलटून २ दिवस झालेले. त्याच आठवड्यात "तुमचा मेलबॉक्स भरलाय, २४ तासांत पासवर्ड टाका नाहीतर अकाउंट बंद" हा मेल मात्र इनबॉक्समध्ये मस्त मांडी घालून बसलेला. हे स्पॅम पकडणारं यंत्र बघतं तरी काय, असा तिचा प्रश्न, जरा शिव्या घालूनच विचारलेला.

खरं तर युनिव्हर्सिटी म्हणजे फिल्टरवाल्यांची डोकेदुखी. कंपनीत कसले मेल येणार ते साधारण ठरलेलं असतं, इथे तसं काहीच नाही, फार्माकॉलॉजीवाले खरोखरच व्हायग्राबद्दल लिहितात, क्रिमिनॉलॉजीवाल्यांना लॉटरीच्या फसवाफसवीचे नमुने मुद्दाम हवे असतात आणि प्रोफेसरांना जगभरातून अनोळखी पोरांचे "डिअर सर" येतात, ज्यातला एखादा पुढे त्यांचा विद्यार्थी होतो. म्हणूनच की काय, या कामाची काही अवजारं युनिव्हर्सिटीतच घडली. केंब्रिजमध्ये फिलिप हेझलने १९९५ मध्ये एक्झिम हा मेल सर्व्हर लिहिला, साउदॅम्प्टनमध्ये ज्युलियन फील्डने मेलस्कॅनर, म्हणजे आलेले मेल तपासून शिक्का मारणारा प्रोग्राम.

पहिली चाळण दारातच लागते. पाठवणाऱ्या मशीनचा आयपी अ‍ॅड्रेस बदनाम यादीत असला (स्पॅमहाउसची यादी त्यातली प्रसिद्ध, ही संस्था १९९८ पासूनची) तर मजकूर न बघताच नाही म्हणायचं. त्यापुढची युक्ती मला फार आवडते, ग्रेलिस्टिंग, २००३ मध्ये इव्हान हॅरिसने मांडलेली. अनोळखी सर्व्हर आला की त्याला सांगायचं, साहेब जागेवर नाहीत, थोड्या वेळाने या. अगदी सरकारी खिडकीवरचं वाक्य! खरा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि परत येतो, कारण ईमेलचा नियमच तसा आहे, पण स्पॅमवालं मशीन ढिगाने पत्त्यांवर मेल भिरकावत सुटलेलं असतं, ते बहुतेकदा परत फिरकत नाही. तोटा एवढाच की पासवर्ड रिसेटचा मेलही कधीकधी लटकतो आणि पोरं कॉम्प्युटर सेंटरला फोन करून पिडतात.

यातून सुटला त्याची मग परीक्षा. स्पॅमअसॅसिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जस्टिन मेसनने २००१ मध्ये आणलेलं, त्यात शेकडो नियम आणि प्रत्येक नियमाचे मार्क, विषय सगळा कॅपिटलमध्ये असला की थोडे, नुसतंच एचटीएमएल (वेबपेजसारखा सजवलेला मजकूर) असलं की थोडे, चांगल्या लक्षणाला उलट वजा मार्क. बेरीज ५ झाली की स्पॅम. म्हणजे इथे मार्क मिळवणारा नापास. मेलस्कॅनर काय करतो, जितके मार्क तितके "एस" मेलच्या हेडरमध्ये (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी माहिती) ओळीने लिहून ठेवतो, एसएसएसएसएस. वेडगळ वाटतं पण फार हुशार आहे हे, कारण कुठल्याही मेल प्रोग्रामला "५ एस सापडले तर जंकमध्ये टाक" एवढं सांगितलं की झालं, आणि फार्माकॉलॉजीच्या सरांनी स्वतःसाठी ८ ठेवले तरी कुणाची हरकत नाही. सेंटरने फेकायचं नाही, फक्त शिक्का मारायचा. चार स्पॅम आत आले तर आपण डिलीट करतो, एक खरा मेल गेला तर तो गेला हे कळतसुद्धा नाही.

नियम माणसंच लिहितात, तेव्हा चुकतातही. स्पॅमअसॅसिनच्या एका नियमात २०१० आणि पुढची सालं म्हणजे "फारच भविष्यातली तारीख" असं धरलेलं होतं, लिहिताना २०१० लांब वाटलं असणार, आणि १ जानेवारी २०१० उजाडल्यावर साध्यासुध्या मेलना सेटिंगप्रमाणे २ ते साडेतीन मार्क फुकट पडायला लागले!

म्हणून नियमांच्या जोडीला शिकणारा फिल्टर असतो, बेजच्या, म्हणजे पुराव्यावरून शक्यता काढायच्या गणितावरचा. समजा १००० स्पॅममध्ये एखादा शब्द २०० मेलमध्ये दिसला आणि १००० चांगल्या मेलपैकी फक्त २ मध्ये, तर तो शब्द असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता ९९ टक्के, अशा बऱ्याच शब्दांचा एकत्र हिशोब. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने २००२ मध्ये हे करून पाहिलं तेव्हा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा निघाला "एफएफ००००", म्हणजे भडक लाल रंगाचा कोड. कुठल्या माणसाला सुचलं असतं? एचपीच्या लॅबमध्ये जमवलेल्या ४६०१ मेलच्या संचात उलटं, "जॉर्ज" हा शब्द चांगल्या मेलची खूण ठरला, कारण ते मेल ज्याचे होते त्याचंच नाव जॉर्ज. म्हणजे एकाचा शिकवलेला फिल्टर दुसऱ्याला जसाच्या तसा चालत नाही, आणि युनिव्हर्सिटीत तर हजारो "जॉर्ज".

आपल्यासाठी एक गंमत, स्पॅमअसॅसिनला भाषा ओळखणारं एक प्लगइन आहे आणि त्याच्या यादीत मराठी आहे, संस्कृतसुद्धा. पण अ‍ॅडमिनने "फक्त इंग्लिश चालेल" असं लिहून ठेवलं तर मराठीत लिहिलेल्या मेलला नुसत्या भाषेचेच मार्क पडतात.

आता तो मेलबॉक्स भरल्याचा मेल. तो आला होता कॅम्पसमधल्याच एका चोरीला गेलेल्या अकाउंटवरून, म्हणजे पत्ता खरा, सर्व्हर घरचा, डिजिटल सही बरोबर, लॉटरी नाही की लाल रंग नाही. मार्क द्यायचे कशाचे?

मग तिच्या इंटरव्ह्यूच्या मेलचा हेडर उघडला. विषय कॅपिटलमध्ये, मजकूर नुसता एचटीएमएल, वर फॉरवर्ड होऊन आलेला त्यामुळे पाठवणाऱ्या सर्व्हरची ओळख जुळेना. बेरीज ५.३.