कारवार बंदर परिसरातील जुन्या खुणा

कारवार हे काळी नदीच्या मुखाशी वसलेले बंदर आणि उत्तर कन्नड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. सीमाभागात हे नाव बहुतेकांच्या कानावर पडते ते ‘बेळगाव-कारवार-निपाणी’ या घोषणेतून. बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा असे करत अणशी घाट उतरला की आपण सदाशिवगडाच्या बाजूला येतो. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, म्हणून निघण्याआधी रस्ता चालू आहे का याची चौकशी करावी.

जुने कारवार म्हणजे नदीच्या आतल्या अंगाचे कडवाड. इंग्रज व्यापारी १६३८ मध्ये या भागात आले ते मिरी आणि मलमलीसाठी. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे खंडणी वसूल केली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीनेही आपला वाटा भरला. आजचे शहर मात्र १८६२ नंतरचे आहे. त्या वर्षी हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला.

कारवार बंदराची बैतखोल खाडी मुळातच सुरक्षित. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी लाटा भूशिराच्या टेकडीवर अडतात आणि समोरची बेटे उरलेला जोर मोडतात. अडचण होती ती पाठीमागच्या सह्याद्रीची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे धारवाडच्या कापसाला भाव आला आणि मँचेस्टरच्या एका कंपनीने गाठी बांधण्याची यंत्रे इथे धाडली. ती किनाऱ्याला लागली तेव्हा धड धक्का नव्हता की पुरा झालेला घाटरस्ता नव्हता. पुढे १८८८ मध्ये लोंढा, कॅसलरॉकमार्गे गोव्यातील मुरगावपर्यंत रेल्वे झाली आणि माल तिकडे वळला. कारवार मागे पडले ते समुद्रामुळे नव्हे, घाटामुळे.

कारवारसमोरच्या देवगड बेटावरचे दीपगृह १८६४ चे, म्हणजे त्याच उमेदीच्या काळातले. सदाशिवगड त्याहून जुना. सोंदे संस्थानच्या राजाने तो बांधला आणि त्याला वडिलांचे नाव दिले. १७५२ मध्ये तो काही काळ पोर्तुगीजांकडे गेला. महामार्गासाठी गडाची टेकडी मधोमध कापली आहे, त्यामुळे तटबंदीचा मूळ घेर आता चटकन लक्षात येत नाही. वरून नदीचे मुख आणि पूल मात्र स्वच्छ दिसतात. कोडीबाग आणि सदाशिवगड जोडणारा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे एकच्या सुमारास कोसळला. नदीत पडलेल्या ट्रकचा चालक वाचला. वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालते.

शहराच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. १८८३ मध्ये ते इथे न्यायाधीश असलेल्या थोरल्या भावाकडे राहिले होते. याच वाळूत ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका मांडून ठेवली आहे. १९७१ च्या कराची हल्ल्यात ती होती, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. ती नौदलात आली १९७६ मध्ये. कराचीवर गेलेल्या नौका तिच्या आधीच्या ताफ्यातल्या.

अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात असल्याने पाहायला मिळत नाही. कूर्मगड बेटावर नरसिंहाच्या जत्रेला होड्या जातात. जानेवारी २०१९ मध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली एक होडी उलटून १६ जण बुडाले. होडीत चढण्यापूर्वी माणसे मोजावीत, जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि नसेल तर उतरावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बैतखोलचे ट्रॉलर धक्क्यालाच बांधलेले दिसतात.