एसपी आणि बीएसपी: रकाने शेजारी, बाजार वेगळे

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींचे निकाल एक्सेलमध्ये भरायला घेतले की एसपी आणि बीएसपी हे दोन रकाने हमखास शेजारी येतात. दोन्ही शर्यत सुटतानाचेच भाव, म्हणून पुष्कळजण एकाच्या जागी दुसरा वापरून मोकळे होतात.

एसपी, म्हणजे स्टार्टिंग प्राइस, हा बुकींचा भाव. शर्यत सुटताना बुकी काय देत होते त्यावरून तो ठरतो आणि 5/2 (म्हणजे 2 लावले तर नफा 5), 11/4, 4/6 असा लिहितात. बुकीचा नफा त्यात आधीच मुरलेला असतो. बीएसपी, म्हणजे बेटफेअर स्टार्टिंग प्राइस, हा बेटफेअर एक्स्चेंजचा. तिथे घोड्यावर लावणारे (बॅक) आणि घोड्याविरुद्ध लावणारे (ले) समोरासमोर असतात. शर्यत सुटताना दोन्ही बाजूंच्या ऑर्डरी जुळवून एकच भाव काढतात. म्हणून तिथे 3.86 असा, एरवी एक्स्चेंजवर लावताच न येणारा आकडाही दिसतो. या भावात लावलेले पैसेही धरलेले असतात. त्या हिशोबाने 5/2 म्हणजे 3.5, 2.5 नव्हे. बुकीचा नफा नाही, पण जिंकल्यावर कमिशन कापलं जातं.

कमिशन 5 टक्के धरू. 10 पौंड लावले, एसपी 5/2, बीएसपी 3.86. बुकीकडे नफा 25 पौंड, एक्स्चेंजवर 28.60 मधून कमिशन जाऊन 27.17. आता फेव्हरिट घ्या: एसपी 4/6, बीएसपी 1.70. बुकीकडे 6.67, एक्स्चेंजवर 6.65. म्हणजे ‘एक्स्चेंजवर नेहमी जास्त मिळतं’ हे काही खरं नाही. तफावत खरी फुगते ती लांबच्या भावाच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या घोड्यांवर.

एसपीचा रकाना पेस्ट करताना एक्सेल आपली अक्कल चालवतं. ब्रिटिश सेटिंगमध्ये 5/2 ची पाच फेब्रुवारी होते. वर्ष 2026 असेल तर त्या सेलमागे 46058 हा एक्सेलचा तारखेचा क्रमांक बसलेला असतो. 100/30 मात्र मजकूर म्हणूनच राहतो. मग सरासरीत एखादा भाव 46 हजारांचा निघतो! पेस्ट करण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा, दशांश शेजारच्या रकान्यात काढायचा.

याहून वाईट चूक मी बीएसपीबाबत केली. जुन्या निकालांवर ‘बीएसपी 4 पेक्षा कमी’ अशी चाळणी लावली, नफ्याची रेघ झकास वर गेली. बॉट (आपोआप बेट लावणारा प्रोग्रॅम) चालू केला आणि ती रेघ आडवी झाली. कारण साधं होतं: शर्यत सुटेपर्यंत बीएसपी कोणालाच माहीत नसतो. आधी दिसतो तो फक्त अंदाज, आणि तो शेवटच्या क्षणापर्यंत हलतो. एसपीची चाळणी लावली असती तरी हेच झालं असतं. चाळणीला बेट लावतानाचा भाव हवा. त्यासाठी वेळेसकट तिसरा रकाना करावा लागला. ‘अमुक भावाखाली नको’ अशी किमान मर्यादा घालून बीएसपीवर बॅक करता येतं, ते वेगळं.

आणि ले करणाऱ्यांसाठी: बीएसपीवर ले करताना जो आकडा पाठवता तो समोरच्याची रक्कम नसून तुमची जोखीम, म्हणजे घोडा जिंकला तर तुमची जाणारी रक्कम असते. 10 लिहिलं आणि भाव 5 निघाला, तर समोरच्याचे फक्त 2.50 जुळतात. घोडा हरला की कमिशनआधी तेवढेच तुमचे. शीटमध्ये तिथे 10 धरले असतील तर नफा चौपट दिसतो.